चार हुद्देदार आणि एक गिरीश

आमच्या घरात हुकूम ऐकणारी माणसं भरपूर होती, सोडणारं कुणी नव्हतं. माझे वडील, अण्णा, एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सकाळी कारखान्याच्या बसमध्ये पाय ठेवल्यापासून संध्याकाळी उतरेपर्यंत त्यांच्या तोंडून 'यस सर'खेरीज दुसरं काही निघत असेल असं मला वाटत नाही. घरी आल्यावर ते आईचं ऐकत, आई शेजारच्या पद्मक्कांचं ऐके आणि पद्मक्का पंचांगाचं ऐकत. भाजीवाल्यानं "स्वल्प जास्ती आयतम्मा" म्हणून पिशवीत दोन वांगी जादा टाकली तर आई तीही निमूट घेऊन येई, आणि मग दोन दिवस आम्ही वांगी खात बसू. तीन पिढ्या बेंगळूरच्या बसवनगुडीत काढलेलं घर आमचं. सारावर तूप घेऊन भात कालवायचा, पोह्यांना अवलक्की म्हणायचं, आणि भांडणाची चाहूल लागली की "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं करत ते मिटवून टाकायचं. भांडणं मिटवणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. अरे, आधी भांडण नीट होऊ तरी द्या, मेल्यांनो!

मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. गांधी बझारच्या मागच्या गल्लीत मिलिंद नावाच्या आमच्या ओळखीतल्या मुलाच्या काकांचा टायपिंगचा क्लास होता. खालच्या मजल्यावर टाइपरायटरांचा खडखडाट, आणि वर कुरकुरणाऱ्या पंख्याखाली नव्यानं आणलेले कंप्यूटर, एकमेकांना वायरींनी जोडलेले. रविवारी दुपारी क्लास बंद असे आणि किल्ली मिलिंदकडे. घरी जेवणं होऊन माणसं बिसीबेळे भाताच्या गुंगीत आडवी झाली की आम्ही वर जमायचो आणि बंदुकांचा खेळ खेळायचो. पडद्यावर एक उजाड वस्ती, पाच जण आमचे, पाच समोरचे. कधी जयनगरची पोरं येत, कधी आमच्याच कॉलेजातली. ज्याला त्याला फक्त आपापल्या शिपायाच्या डोळ्यांपुढचं दिसायचं, आणि एकदा मेला की डाव संपेपर्यंत त्यानं हात आवरून बसायचं. इंटरनेटवरून परदेशातल्या लोकांशी खेळायचा उद्योगही आम्ही एकदा करून पाहिला. फोनच्या लायनीवरून माझी गोळी पलीकडे पोचेपर्यंत मी मेले होते, आणि वर मिलिंदच्या काकूंनी खाली फोन उचलून "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" केलं होतं. तेव्हा आमचं ऑनलाइन त्या खोलीतल्या वायरीपुरतंच राहिलं. आजच्या पोरांनी हसावं खुशाल.

माझा नेम भिकार होता. खोटं कशाला सांगू, समोरच्या भिंतीला मारायचं म्हटलं तर बाजूच्या भिंतीला लागायचं. पण त्या चौघांचं खेळणं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मिलिंद शर्यत असल्यासारखा पुढे धावायचा आणि सगळ्यांच्या आधी मरायचा. कुलकर्णी नावाचे दोन भाऊ होते. त्यांतला थोरला कोण आणि धाकटा कोण हे लक्षात ठेवण्याची तसदी मी कधी घेतली नाही, कारण दोघंही सारखेच निरुपयोगी होते. ते एकमेकांना दाराबाहेर "तू आधी, तू आधी" करत उभे राहायचे आणि तिथेच दोघांचा निकाल लागायचा. राहता राहिला गिरीश. हा जाडसर, झोपाळू, तोंडानं निप्पट्टूची कडक पुरी कुरतडणारा मुलगा, पण दिलेली जागा मरेपर्यंत सोडायचा नाही. आणि चौघंही एकाच वेळी ओरडायचे. समोर बसलेले शत्रू त्यांचं सगळं ऐकून हसत. तिसऱ्या की चौथ्या डावाला मी ओरडले, "गप्प बसा रे सगळे! आता फक्त मी बोलणार." आश्चर्य म्हणजे बसले की! त्या दिवसापासून मी कप्तान. निवडणूक नाही, ठराव नाही.

मी दोनच नियम केले. एक, बोलायचं फक्त कप्तानानं. दुसरा, मी सांगितलं की 'का' विचारायचं नाही, आधी जायचं. पडद्यावरच्या वस्तीला आम्ही आमच्या पेठेतली नावं दिली. मधला चौक गांधी बझार, मागची टेकडी बसवण्णा, झाडांची रांग लालबाग. "मिलिंद, जिना धर. गिरीश, बसवण्णावर." मी स्वतः बऱ्याचदा आधीच मेलेली असे, मग खुर्चीवरून उठून त्यांच्या पाठीशी फिरत हुकूम सोडायचे. महिन्यामागून महिने मी त्यांच्या कानीकपाळी इतकं ओरडले की शेवटी त्यांच्या बोटांना माझा आवाज कळायला लागला, डोक्यापर्यंत जायची गरजच उरली नाही. डोकी होती कुठे म्हणा! मला ती चौघं 'अक्का' म्हणायची, त्यांतले तिघं माझ्याहून मोठे असूनही. आणि आम्ही जिंकायला लागलो. जयनगरवाले यायचे बंद झाले.

इथवर ठीक होतं. मग आमच्या मराठी मंडळाच्या कानावर ते गेलं. मंडळ म्हणजे काय हे बेंगळूरच्या मराठी माणसाला सांगायला नको. कारखान्यातलेच साहेब संध्याकाळी झब्बे घालून मंडळात साहेब व्हायचे. अध्यक्ष देवधरसाहेब, अण्णांच्या कारखान्यात ते अण्णांच्या साहेबाचे साहेब. त्यांनी ठरवलं की यंदा गणेशोत्सवात तरुण पिढीसाठी काहीतरी आधुनिक करायचं. कोरमंगल्यात सुरेश नावाच्या एका माणसाचा कंप्यूटर कॅफे होता. स्वतःच्या जाहिरातीसाठी तो कंप्यूटर टेम्पोतून आणायला तयार झाला, आणि त्याच्या कॅफेतल्या पोरांची टीम विरुद्ध मंडळाची टीम असा सामना ठरला. पाककला स्पर्धेनंतर आणि सुगम संगीताच्या आधी! गणपतीसमोर रक्त नको म्हणून समितीत तासभर चर्चा झाली. शेवटी सुरेशनं खेळातलं रक्त हिरवं करून द्यायचं कबूल केलं. हिरवं रक्त गणपतीला चालतं, हे त्या दिवशी मला कळलं.

एका संध्याकाळी देवधरसाहेब सपत्नीक आमच्या घरी आले. अण्णांची तारांबळ पाहण्यासारखी होती. बनियनवर शर्ट चढवता चढवता त्यांनी एक गुंडी चुकीच्या काजात घातली आणि साहेब जाईपर्यंत ती तशीच राहिली. आईनं उप्पिट्टू केलं, वर काजू पेरले, फिल्टरची कॉफी दिली. साहेबांनी आधी आमच्या घरातल्या हवेचं कौतुक केलं, मग माझ्याकडे वळले.

"वैजयंती, तू फार छान तयारी करून घेतलीस हं मुलांची. आता असं आहे, हा मंडळाचा अधिकृत कार्यक्रम. पाहुणे येणार. तेव्हा टीमला जरा रीतसर स्वरूप द्यायला हवं."

रीतसर स्वरूप म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. कप्तान निनाद, त्यांचा मुलगा, कारण तो वयानं सर्वांत सीनियर. निनाद आमच्याकडे दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड करून अडकून बसला होता. मिलिंद उपकप्तान, कारण सरावाची जागा त्याच्या काकांची. कुलकर्ण्यांपैकी एक सहउपकप्तान आणि दुसरा तांत्रिक सल्लागार, कारण त्यांचे वडील हिशेब खात्यात वरच्या जागेवर. गिरीशला काही नाही. त्याचे वडील ऑफिसर नव्हते ना, यंत्रावर काम करायचे. म्हणजे पाचांच्या फौजेत चार हुद्देदार आणि एक गिरीश. मी हसले. मला वाटलं, साहेब गंमत करताहेत. पण साहेब लोक गंमत करत नाहीत.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू मार्गदर्शक! आणि पुढच्या वर्षी रोटेशननं बघू की. काय सबनीस, बरोबर ना?"

सबनीस म्हणजे माझे अण्णा. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून, चुकलेल्या गुंडीनिशी ते म्हणाले, "यस सर. अगदी बरोबर."

त्या क्षणी मला त्यांची इतकी किळस आली की मी कपबशा उचलून आत निघून गेले. आई मागोमाग आली. "अगं, खेळ तो. एवढं काय मनाला लावून घेतेस?" खेळ! मला आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जमली होती. माझ्या तोंडून शब्द निघाला की जग हलत होतं, चार पोरांचं का होईना. आणि ते जग या माणसांनी उप्पिट्टू खाता खाता बढतीच्या यादीसारखं वाटून टाकलं होतं. आज मला कंपन्यांमधून नेतृत्व या विषयावर भाषणं द्यायला बोलावतात. पुढच्या रांगेत हारीनं देवधर बसलेले असतात, फक्त झब्ब्याऐवजी गळ्यात ओळखपत्र. मी बोलते, ते माना डोलावतात आणि परत जाऊन आपापल्या निनादला कप्तान करतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून बसनं कोरमंगल्याला गेले. सुरेश एका फुटक्या माउसशी झटापट करत होता. मी त्याला सांगितलं, मला तुमच्या बाजूनं खेळायचंय, कप्तान म्हणून. तो म्हणाला, "नम्म थॉमस इदानल्ला," म्हणजे आमचा थॉमस आहे की. थॉमस कोपऱ्यात होता. काटकुळा, लांब केसांचा, आणि काय त्याचा नेम! माशीचा पंख उडवेल असा. त्याला मी विचारलं तर तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मला ओरडायचा कंटाळा येतो. यू शाउट, आय शूट." शहाणा मुलगा. मला आयुष्यात भेटलेल्या मोजक्या शहाण्यांपैकी तो एक. त्याचा एक गडी ओणमला गावी जाऊन परतला नव्हता, ती जागा मला मिळाली.

ही बातमी आईकडून अण्णांना कळली. ते माझ्या खोलीत आले, पलंगाच्या कडेवर टेकले आणि बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"वैजू, पुढच्या महिन्यात माझा इंटरव्ह्यू आहे बढतीचा. कमिटीवर देवधर आहेत."

"मग?"

"मग काही नाही. एवढी वर्षं थांबलोय. हे शेवटचंच. यानंतर वय बसत नाही."

"मला जाऊ नको म्हणताय का?"

ज्या माणसाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही, त्याला मला तरी कुठून म्हणता येणार? मी वाट पाहिली, मनापासून पाहिली. त्यांनी एकदा दरडावलं असतं तर कदाचित मी गेले नसते. पण ते उठले, "सरी, बघ तुला काय वाटतं ते," म्हणाले आणि गेले. मला त्यांची दया आली नाही. राग आला, आणि त्या रागातच मी झोपले.

सामन्याच्या दुपारी हॉलमध्ये खाद्यपदार्थांचा वास भरून राहिला होता. मोदकांच्या थाळ्या हलवून त्या टेबलांवर कंप्यूटर मांडले होते. मूर्तीपुढे पडदा ओढलेला, हिरवं असलं तरी रक्त ते रक्तच म्हणून. दोन्ही टीम समोरासमोर, मागे बायकापुरुषांची गर्दी. मी कोरमंगलावाल्यांच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. देवधरबाई म्हणाल्या, "अगोबाई, ही तिकडे कशी?" मिलिंदनं मान खाली घातली. गिरीश मात्र सवयीनं म्हणाला, "अक्का, आलीस?" निनाद नवा झब्बा घालून आला होता. अण्णा खांबाजवळ उभे होते, देवधरांच्या अर्धं पाऊल मागे, त्यांची नेहमीची जागा.

पहिला डाव म्हणजे नुसता तमाशा. निनाद साहेबाचा मुलगा शोभला. स्वतः मागे थांबला आणि प्रत्येकानं त्याला विचारून पुढे जायचं असा त्याचा दंडक. गिरीशनं विचारलं, "जाऊ का?" सहउपकप्तान म्हणाला, "निनादला विचारतो." निनाद म्हणाला, "थांब, बघतो." तो बघेपर्यंत थॉमसनं सल्लागारापासून उपकप्तानापर्यंत सगळा वरिष्ठ वर्ग कापून काढला. गिरीश तेवढा शेवटपर्यंत टिकला, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या डावात मला तो विचार सुचला. मिलिंदनं जिना धरला होता आणि तिथून आमचे दोन गडी टिपले होते. मी त्याला तिथून हुसकायची युक्ती शोधत होते आणि एकदम मला हसू फुटलं. अरे, मी युक्ती शोधतेय कशाला? हा तर माझाच! मी टेबलापलीकडे ओरडले, "मिलिंद, जिना सोड! लालबागेत ये!"

आणि आला ना तो! 'का' न विचारता, धावत, थेट थॉमसच्या पुढ्यात. खाली पडल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारला. मी थांबणार होते थोडीच! "कुलकर्णी, दोघंही दारात! गिरीश, बसवण्णावर, पाठ करून उभा राहा!" दोन्ही भाऊ दारात आले. गिरीश टेकडीवर चढला आणि आज्ञाधारकपणे पाठ करून उभा राहिला. हॉलमध्ये हसण्याचा गडगडाट झाला. पाककलेच्या परीक्षक बाई डोळे पुसत होत्या. निनाद किंचाळत होता, "तिचं ऐकू नका! मी कप्तान आहे! मी!" पण त्याचा आवाज त्या पोरांच्या बोटांपर्यंत पोचतच नव्हता. हुद्दे वाटताना साहेबांनी सगळ्याचा विचार केला होता, पोरं कुणाचं ऐकतात एवढं सोडून. शेवटी निनाद गांधी बझारात एकटा उरला, भिंतीकडे तोंड करून. थॉमसनं त्याला सावकाश टिपलं.

देवधरसाहेब पुढे आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण कानशिलं लाल. "हे काही खेळाला धरून झालं नाही. विरुद्ध बाजूच्या खेळाडूंना हुकूम द्यायचे म्हणजे काय? सामना पुन्हा होईल. आणि वैजयंती, तू उठ. मंडळाच्या मुलीनं मंडळाविरुद्ध बसायचं हे शोभत नाही." मी उठले नाही. सुरेश काहीतरी बोलायला लागला, तर त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. मग खांबाकडे न बघताच ते म्हणाले, "सबनीस, सांगा जरा तुमच्या मुलीला."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. वाचकानं उगाच आशेवर राहू नये म्हणून आत्ताच सांगून टाकते. बढती मिळाली नाही. त्या वर्षी नाही आणि नंतर वयच बसलं नाही. अण्णांना होसूर रोडवर बोम्मसंद्र्याच्या पलीकडच्या गोदामावर धाडलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते दोन बसा बदलून तिकडे जात राहिले. देवधर पुढे खूप वर चढले. जगात न्याय वगैरे असतो असं सांगणाऱ्यांची मला कीव येते.

तर अण्णा निघाले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली. ते टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले. ते काय म्हणणार ते मला पाठ होतं. "वैजू, सरी, ऊठ बाळ, साहेब म्हणताहेत तर." मी उत्तरही तयार ठेवलं होतं, असं झोंबणारं की सगळ्या हॉलला ऐकू जावं. मी वळून वर पाहिलं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकवले.

"वैजू," ते अगदी हळू म्हणाले, "मी कुठे उभा राहू? मला यातलं काही कळत नाही. तू सांग."

माझं ते तयार उत्तर आता कामाचं नव्हतं. त्या माणसाला हुकूम लागतोच, हे मला ठाऊक होतं. तो कुणाचा ऐकायचा हे त्यानं एवढ्या माणसांदेखत, सगळं समजून उमजून ठरवलं होतं.

"इथंच," मी म्हणाले. "माझ्या मागे."

"सबनीस!" देवधरांचा आवाज चढला. "अहो, इकडे या तुम्ही आधी!"

माझ्या खुर्चीच्या पाठीवरचे अण्णांचे हात हलले. पन्नास वर्षांची सवय ती, पाऊल उचललंच होतं त्यांनी. मी माउसवर हात ठेवला, पडद्याकडे तोंड केलं आणि माझ्या टीमला सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "अण्णा, हलायचं नाही."

ते हलले नाहीत.